गच्चीवर पोरांचा स्विमिंग पूल? आधी पाण्याचं वजन मोजा

नागपूरचा मे महिना, गच्चीत टब भरायचा बेत झकासच. पण स्लॅबला वजन पेलेल का?

हिशेब तोंडी होतो: १ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १० किलो. दीड फूट भरलं की साडेचारशे! वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) दर चौरस मीटरला साधारण १५० किलोच धरतात. बिल्डरनं काय केलं, देव जाणे.

१. टबात आतून १० सेंटिमीटरवर मार्करने रेघ मारा. पाणी तिथवरच, उरलेला भार पोरांचा.
२. टब स्लॅबच्या मधोमध नको. खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा.
३. संध्याकाळी पाणी कुंड्यांना.

गच्चीवरच्या डेकमध्ये पक्का स्विम स्पा (प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी पोहायचा छोटा पूल) बसवायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक खिळाही ठोकू नका.