कामगार परिषद चालवायची कशी: युगोस्लाव्ह पद्धत

कारखान्याचा कारभार कामगारांच्या हाती देणाऱ्या १९५० च्या युगोस्लाव्ह कायद्याचा साचा असा. कामगारांनी १५ ते १२० जणांची परिषद निवडायची. कारखान्यात ३० हून कमी माणसं असतील तर सगळेच परिषदेत. परिषदेनं ३ ते ११ जणांचं व्यवस्थापन मंडळ निवडायचं आणि त्यातले तीन चतुर्थांश प्रत्यक्ष उत्पादनातले ठेवायचे, नाहीतर मंडळ कारकुनांचं होतं. संचालक या मंडळात पदसिद्ध सदस्य.

खरी गोची आकड्यांत. संचालक ताळेबंद बैठकीतच पुढ्यात टाकतो, वाचायला वेळ नसतो, हात वर होतात. म्हणून कच्च्या मालाचा खप, यंत्रं बंद राहिल्याचे तास आणि वाया गेलेला माल आठवडाभर आधी फळ्यावर लावा.

उत्पन्न वाटताना क्रम पाळा: आधी घसारा (यंत्रांची झीज भरून काढायची रक्कम), मग दुरुस्ती आणि नवी यंत्रं, शेवटी पगार. १९६१ मध्ये वाटपाची मोकळीक मिळताच तिथे पगार उत्पादकतेच्या पुढे धावले. कारण साधं होतं. मालमत्ता समाजाची, नोकरी सोडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नसे. मग आजचा पगार कोण सोडेल? त्यामुळे यंत्रं बँकेच्या कर्जावर येत राहिली.