रँडम प्रोसेस: इंटिग्रेशन बरोबर, उत्तर चूक! या चुका टाळा

प्रॉबॅबिलिटी आणि रँडम प्रोसेसच्या (वेळेनुसार बदलणाऱ्या, संधीवर अवलंबून असलेल्या राशीच्या) पेपरात इंजिनिअरिंगची मुलं इंटिग्रेशनमध्ये फारशी अडकत नाहीत. मार्क जातात ते त्याच्या आधीच, रेंज न बघता सूत्र लावल्यामुळे.

नेहमीचंच उदाहरण घ्या: एक्स(टी) = ए कॉस(ओमेगा टी + थीटा), ए आणि ओमेगा स्थिर, थीटा रँडम. थीटा ० ते २π मध्ये युनिफॉर्म असेल तर मीन (सरासरी) शून्य, ऑटोकोरिलेशन (टाउ इतक्या अंतराच्या दोन वेळांच्या किमतींच्या गुणाकाराची सरासरी) (ए²/२) कॉस(ओमेगा टाउ), म्हणजे प्रोसेस वाइड-सेन्स स्टेशनरी: मीन वेळेनुसार बदलत नाही आणि ऑटोकोरिलेशन फक्त टाउवर अवलंबून. हे सगळ्यांना पाठ असतं. आता पेपर काढणाऱ्याने रेंज ० ते π केली, तर? ऑटोकोरिलेशन तेच येतं, पण मीन येतो −(२ए/π) साइन(ओमेगा टी). तो वेळेनुसार बदलतो, म्हणजे प्रोसेस स्टेशनरी नाही. फक्त ऑटोकोरिलेशन तपासून ‘सिद्ध झाले’ लिहिणारा इथे हमखास फसतो. मीन आधी काढा, तो दोन ओळींत निघतो.

दुसरा घोळ एर्गोडिसिटीचा, म्हणजे एकाच रेकॉर्डिंगची वेळेवरची सरासरी सगळ्या शक्यतांच्या सरासरीइतकीच येण्याचा. स्टेशनरी आहे म्हणजे एर्गोडिकही असणार, असं गृहीत धरलं जातं. एकदाच नाणं उडवा. छापा पडला तर एक्स(टी) कायम +१, काटा पडला तर कायम −१. एन्सेम्बलची (सगळ्या शक्यतांची मिळून) सरासरी शून्य. पण हातात आलेलं एक रियलायझेशन (प्रत्यक्ष घडलेली एक नोंद) कितीही वेळ मोजलंत तरी टाइम ॲव्हरेज +१ किंवा −१ च मिळेल. प्रोसेस स्टेशनरी आहे, एर्गोडिक नाही. लॅबमध्ये आपल्याकडे बहुधा एकच रेकॉर्डिंग असतं, म्हणून हा फरक नुसता तोंडी परीक्षेपुरता नाही.

‘अनकोरिलेटेड’ (कोव्हेरियन्स, म्हणजे दोन चलांच्या एकत्र बदलण्याचं माप, शून्य) म्हणजे ‘इंडिपेंडंट’ (एकाची माहिती दुसऱ्याबद्दल काहीच सांगत नाही) नव्हे, हे वाक्य सगळे लिहितात. उदाहरण विचारलं की शांतता. एक्स −१ ते १ मध्ये युनिफॉर्म घ्या, वाय = एक्स². कोव्हेरियन्स शून्य, पण एक्स कळला की वाय कळलाच. उलट दिशा मात्र चालते: इंडिपेंडंट असतील आणि व्हेरियन्स सांत असतील, तर कोव्हेरियन्स शून्यच. हेच वाय = एक्स² पीडीएफ (प्रॉबॅबिलिटी डेन्सिटी फंक्शन) काढतानाही छळतं, कारण एका वायला एक्सच्या दोन किमती असतात आणि मुलं ऋण बाजू विसरतात.

पीडीएफची किंमत १ पेक्षा मोठी आली म्हणून घाबरून खाडाखोड करू नका. ० ते ०.५ मधल्या युनिफॉर्मची उंची २ च असते. एक व्हायला हवं ते क्षेत्रफळ. एकाच वेळी न घडणाऱ्या दोन घटनांना इंडिपेंडंट समजणं ही त्याहून जुनी चूक. दोघींची प्रॉबॅबिलिटी शून्याहून जास्त असेल तर त्या इंडिपेंडंट असूच शकत नाहीत, एक घडली की दुसरी बाद.

जॉइंट डेन्सिटीच्या (दोन चलांच्या एकत्रित पीडीएफच्या) गणितात वाय ० ते एक्स असं दिलं असेल, तर आधी त्रिकोण काढा. एक्सची मार्जिनल (एकट्या एक्सची पीडीएफ) काढताना लिमिट ० ते एक्स, वायची काढताना वाय ते १ (एक्स ० ते १ असेल तर). मार्जिनलच्या उत्तरात ज्या चलावर इंटिग्रेट केलं तेच शिल्लक राहिलं असेल, तर लिमिटच चुकली आहे.