तळघरात सुतारकाम: मशीन आणण्याआधी या चुका टाळा

बंगल्याचं तळघर रिकामं आणि हाताला सुतारकामाची खोड, म्हटल्यावर सगळ्यात आधी घरात काय येतं? टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत. माझंही तेच झालं. जूनमध्ये पाऊस लागला, ऑगस्टपर्यंत सॉच्या बिडाच्या टेबलावर तांबूस गंज धरला आणि एप्रिलमध्ये अलगद सरकणारा सागवानी खण जागचा हलेना. मी मशीनला आणि लाकडाला शिव्या घालत होतो. ओल तपासायची मात्र राहून गेली होती.

तपासायला खर्च नाही. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन कोब्यावर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला थेंब असले किंवा कोबा काळपट दिसला, तर ओल जमिनीतून येतेय. वॉटरप्रूफिंग होईपर्यंत एक फळीही खाली नेऊ नका. थेंब वरच्या बाजूला असले तर दोष हवेचा. इथेच लोक फसतात: भर पावसात ‘जरा हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडतात. बाहेरची दमट हवा थंड भिंतींना लागते आणि पाणी सुटतं. त्या दिवसांत खिडक्या बंद आणि डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) चालू.

हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटरही टांगा. हवेची आर्द्रता 80 टक्क्यांवर टिकली तर लाकडातलं पाणी साधारण 16 टक्क्यांपर्यंत चढतं, 40 टक्क्यांवर ते 7-8 ला उतरतं. या चढउतारात फळी रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळ्यात खण अडकला की लगेच रंधा मारू नका, उन्हाळ्यात तोच खुळखुळेल. फळ्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. वाळवीला आयती शिडी मिळते.

मशीन सुरू करताच एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणारा स्विच) पडतो? 1500 वॅटची मोटर 230 व्होल्टवर सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. ‘बी’ प्रकारचा एमसीबी हा झटका सोसत नाही, ‘सी’ लागतो. जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणं हा उपाय नव्हे. मग वायर तापते. ओलसर जमिनीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

जागेचा हिशेब फक्त मशीनचा धरू नका. आठ फुटी प्लाय उभा चिरायचा तर पात्याच्या पुढे आठ फूट आणि मागेही आठ फूट मोकळे लागतात. आणि जिन्याचं वळण आधी मोजा. माझं पहिलं कपाट तिथे अडकलं, शेवटी करवतीने दोन तुकडे करून वर नेलं.

भुशाचं काय? दिसतो तो झाडता येतो, बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, घातली आहे. भुसा ओढून घेणारा डस्ट कलेक्टर असला तरी घासकाम करताना एन-95 मास्क लावाच.

पॉलिश तळघरात नकोच. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते, आणि तिथेच इन्व्हर्टर असला तर एका ठिणगीचं निमित्त पुरतं. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर दोरीवर सुटी पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.