जुन्या ट्रॅक्टरचं कॉम्प्रेशन वाढवताय? आधी या चुका टाळा

वडिलांचं मिरजेला गॅरेज होतं, म्हणून हात काळे करायची खोड मला लहानपणापासूनची. अमेरिकेतल्या आयोवात आल्यावर ती फार्मऑल एम या लाल ट्रॅक्टरवर भागते. हे मॉडेल १९३९ ते १९५२ निघालं. चार सिलिंडर, सव्वापाच इंचांचा लांबलचक स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर धाव), २४८ क्युबिक इंच म्हणजे साधारण चार लिटरचं इंजिन. उन्हाळ्यात इथल्या जत्रांमध्ये असल्या ट्रॅक्टरांना मागे लोखंडी स्लेड जोडून ओढायला लावतात. स्लेड पुढे जाईल तशी त्यावरची वजनाची पेटी ट्रॅक्टरकडे सरकत येते, आणि ३०० फूट ओढलात तर ‘फुल पुल’. दर मोसमात दोन-तीन नवखे भेटतात, आणि चुका त्याच. परवा एकाने पुन्हा विचारलं, “दादा, हेडला किती फेस मारू?” म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, हेड, खालून मशीनवर किती घासू, की वरची जागा घटून कॉम्प्रेशन वाढेल. म्हणून आता लिहूनच काढतो.

फेस आधी, हिशेब नंतर

ही माझी सर्वात नावडती चूक, कारण ती मीच केली आहे.

एमचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, पावणेचार इंचांहून थोडा जास्त, ३ ७/८. बहुतेक जण तो चार इंच करून घुमटदार माथ्याचे पिस्टन घालतात. त्यांना इथे ‘फायरक्रेटर’ म्हणतात. इंजिन २६४ क्युबिक इंचांचं होतं आणि एकेका सिलिंडरमध्ये पिस्टनच्या धावेची जागा १,०८१ सीसी. मी हेडला फेस मारून घेतला, ब्युरेटने चेंबर, म्हणजे हेडमधली पोकळी, मोजला: १४८ सीसी. दाबलेल्या गॅस्केटचे १३ धरले. एकूण १६१. १,०८१ भागिले १६१ अधिक एक, म्हणजे ७.७. हा कॉम्प्रेशन रेशो: मिश्रण किती पट दाबलं जातं ते. इथे ९३ ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल मिळतं, ७.७ त्यावर आरामात चालेल म्हणून खूश.

जुलैची दुपार होती. पहिल्या दोन ओढी झकास झाल्या. तिसऱ्या ओढीत दोनशे फुटांच्या पुढे वजन अंगावर आलं, इंजिन हजार आरपीएमच्या खाली दबलं, मी थ्रॉटल सोडला नाही. मग एकदम ताकद गेली आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निळा धूर. शेजारच्या ट्रेलरवरचे एक म्हातारे शेतकरी काही न बोलता आले, त्यांनी स्वतःच तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, आणि मध्येच खसखशीएवढे चकाकणारे मणी. ते मणी म्हणजे माझ्या पिस्टनचं ॲल्युमिनियम. हेड उघडल्यावर दिसलं: वरच्या दोन रिंगांमधली भिंत निम्मी तुटून गेलेली.

चूक काय? घुमट मोजलाच नव्हता. तो १८ सीसी जागा खात होता. खरी जागा १४३, खरा रेशो ८.६. मोठा बोअर आणि कमी आरपीएम या दोन्हींमुळे कोपऱ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला भरपूर वेळ मिळतो. कारमध्ये तुम्हाला अशा पेटण्याची, म्हणजे नॉकिंगची, टकटक ऐकू येते. इथे उघड्या सायलेन्सरपुढे काहीच ऐकू येत नाही.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. डायल गेजने टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टनचं सर्वात वरचं टोक, शोधायचा, पिस्टन बरोबर अर्धा इंच खाली घ्यायचा, कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची पट्टी ठेवायची आणि ब्युरेटने तेल सोडायचं. चार इंच बोअरला अर्ध्या इंचात १०३ सीसी मावायला हवं. ८५ च मावलं, तर १८ सीसी घुमटाचे. चारही सिलिंडर मोजायचे. एक संध्याकाळ जाते. ज्याला तेवढी सवड नाही त्याने फेस मारू नये, कारण काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

गेजवरून रेशो काढणे

कॉम्प्रेशन गेजवर १२० पौंड आले, भागिले १४.७, झाला रेशो! असं करणारे इंजिनिअर पाहिलेत मी. दाबताना हवा तापते, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, रिंगा गळतात. गेज फक्त एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा मेलेला आहे का, ते सांगतं.

महाग पेट्रोल म्हणजे जास्त ताकद

नाही. ऑक्टेन म्हणजे आपोआप न पेटण्याची सहनशक्ती. कारखान्यातून आलं तसंच इंजिन असेल तर प्रीमियमचे पैसे वाया. माझा अंदाज असा: रेशो सातपर्यंत असेल तर ८७ ऑक्टेन, साडेसात-पावणेआठपर्यंत ९३, त्यापुढे रेसिंगचं किंवा विमानाचं निळं १०० एलएल. विमानाचं वजनाला हलकं असतं, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं मुख्य छिद्र) थोडा वाढवा. आणि हो, पुण्याचा मामेभाऊ “आमच्याकडे ९१, तुमच्याकडे ८७च?” म्हणून चिडवतो. मोजायची पट्टी वेगळी आहे, पेट्रोल जवळपास तेच.

एकदा ठरलेलं इंधन मैदानावर बदलायचं नाही. कॅन संपला तर घरी जायचं. कोपऱ्यावरच्या पंपावरून आणलेल्या दोन गॅलननी कितीतरी चांगली इंजिनं खाल्ली आहेत.

डिस्टिलेटचं इंजिन न ओळखणे

आपल्याकडे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे पंप असत ना, तोच प्रकार. सुरू करायला पेट्रोलची छोटी टाकी, मग स्वस्त, रॉकेलसारखं डिस्टिलेट. त्यासाठी कॉम्प्रेशन मुद्दाम कमी आणि मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणारी नळी, तापवणारा. असा एम घेऊन नुसते पिस्टन बदललेत, तर गरम मॅनिफोल्ड अर्धा फायदा गिळतो. आधी मॅनिफोल्ड पेट्रोलचा लावा.

ई८५ नुसतं ओतणे

हे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल स्वस्त आहे, ऑक्टेन भरपूर आहे, मान्य. पण पेट्रोलपेक्षा तीसेक टक्के जास्त लागतं. जेट न वाढवता ओतलंत तर मिश्रण पातळ होऊन (इंधन कमी, हवा जास्त) इंजिन भाजेल. शिवाय त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के कितीही असू शकतं, थंडीत कमी. मी काचेच्या नळीत पाणी घालून, हलवून, दर खेपेला तपासतो. स्पर्धेतल्या तुमच्या वर्गाच्या नियमात अल्कोहोल चालतं का, हेही आधी विचारा.

बाकी किरकोळ. ठिणगीचं टायमिंग मूळ खुणेवर ठेवून कॉम्प्रेशन वाढवू नका, दोन-तीन अंश मागे घेऊन सुरुवात करा. कार्ब्युरेटरमध्ये बुचाचा फ्लोट असेल तर पितळी घाला, अल्कोहोल बुचावरचा शेलॅकचा लेप विरघळवतं. हिवाळ्याआधी कार्ब्युरेटर कोरडा करा. आणि प्रत्येक ओढीनंतर प्लग काढून बघा, चारही. रांगेतले लोक हसतात, हसू देत.