ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाताना या चुका टाळा

ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यान पसरलेल्या ठाणे खाडीच्या भागाला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि 2022 मध्ये ही खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात येथे हजारो रोहित येतात. तरीही ‘गेलो, पण काहीच दिसले नाही’ ही तक्रार सतत ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा एकच असते: आपण सुट्टीचा वार पाहून निघतो, पाण्याची वेळ पाहत नाही.

रोहित चिखलातले आणि उथळ पाण्यातले अन्न गाळून खातात. ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडतात तेव्हा पक्षी खाडीभर विखुरतात. भरती चढू लागली की ते आत सरकतात आणि उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, चिखल पूर्ण बुडाल्यावर नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आजही उपयोगी पडतो: अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. मात्र खाडीत आत पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो, म्हणून भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत आणि ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीची वेळ आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावी. ती वेळ गैरसोयीची वाटली, तरी ती पाण्याने ठरवलेली असते.

फोटो काळे येत असतील तर आधी सूर्य कुठे आहे ते पाहावे. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर असल्याने तेथून सकाळी प्रकाश पाठीमागून मिळतो. पश्चिमेकडे, मुंबईतल्या शिवडीच्या बाजूने पाहणाऱ्याला तोच सूर्य डोळ्यांवर येतो, म्हणून तेथे दुपारनंतर जावे. थव्यातले राखाडी पक्षी आजारी नसतात, ती पिल्ले असतात. गुलाबी रंग अन्नातून आणि काही वर्षांनी चढतो. चोच फिकट गुलाबी व टोकाला काळी असेल तर तो मोठा रोहित, आणि गडद, जवळजवळ काळी दिसत असेल तर लहान रोहित.

सर्वांत हानिकारक चूक म्हणजे ‘उडताना फोटो हवा’ म्हणून बोट थव्याकडे न्यायला सांगणे. रोहिताला उडण्यासाठी आधी पाण्यावर धावावे लागते, आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती त्यात खर्च होते. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि थवा एकाच दिशेने चालू लागला, की आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून मागे व्हावे. भरतीच्या वेळी विसावलेल्या थव्याच्या बाबतीत तर ही काळजी अधिक हवी, कारण त्या वेळी त्याला जायला दुसरी जागा फारशी उरलेली नसते. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये, हे वेगळे सांगायला लागू नये. कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-गाठ्या फेकणेही बंद करावे. तळलेले फरसाण हे त्यांचे खाद्य नव्हे.

एक चूक चांगल्या हेतूने होते. सहलीबरोबर वृक्षारोपण म्हणून उघड्या चिखलपट्ट्यावर खारफुटीची रोपे लावली जातात. तो चिखल ओसाड दिसतो, पण शैवाल, किडे आणि कवचधारी जिवांनी भरलेला असतो. तेथे झाडी माजली की रोहितांची आणि तुतारी पक्ष्यांची चरण्याची जागाच जाते. कचरा वेचायला कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात शिरणाऱ्यांनीही तिवराची (खारफुटीतल्या एका झाडाची) चिखलातून वर आलेली श्वसनमुळे तुडवू नयेत; ती मोडली की झाडाला हवा मिळण्याचा मार्ग तुटतो. वेचणी ओहोटीच्या वेळी, काठाकाठाने आणि वन विभागाच्या माणसासोबतच करावी.