उतारावरचं गवत आणि माझा छोटा ट्रॅक्टर

वरच्या बाजूचं मागचं चाक हवेत गेलं, तेव्हा पुढची दोन्ही चाकं जमिनीला छान चिकटलेली होती. हे मला नंतर आठवलं आणि आठवल्यावर मी जास्त घाबरले. उतारावर आडवा ट्रॅक्टर चालवताना माझी नजर कायम पुढच्या चाकांवर असायची. ती टेकलेली आहेत ना, मग झालं, असा माझा हिशेब. त्या दिवशी गवतात दडलेल्या एका खुंटावर मागचं चाक चढलं, सीट खालच्या बाजूला कलली आणि हातांनी आपोआप स्टिअरिंग उताराकडे वळवलं. चाक धप्पकन खाली आलं. पुढचे दोन दिवस मी त्या बाजूला फिरकले नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पुढे वजनं लाव. नाक जड झालं की गाडी दबून चालते."

हा सल्ला सगळेच देतात. चढावर नाक उचललं जाऊ नये म्हणून तो बरोबरही आहे. पण बाजूला कलंडण्याशी त्याचा संबंध उलटा आहे. आपण ट्रॅक्टरला चार पाय समजतो, पण कलंडताना त्याला तीनच पाय असतात. पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, मधोमध एका पिनवर डुलतो, म्हणजे पुढची चाकं खड्डे-उंचवट्यांप्रमाणे आपापली खालीवर होतात आणि इंजिन, सीट, तुम्ही, हे सगळं मागच्या दोन चाकांवर आणि त्या एका पिनवर तोललेलं असतं. तिपाईच म्हणा ना. ट्रॅक्टर उलटतो तो खालच्या मागच्या चाकापासून पुढच्या पिनपर्यंत ओढलेल्या तिरक्या रेषेवरून. एक्सल त्याच्या अडणीला जाऊन टेकतो तेव्हा कुठे पुढची चाकं मदतीला येतात, पण तोवर अंगाला वेग आलेला असतो. म्हणून माझी पुढची चाकं शेवटपर्यंत शहाण्यासारखी बसून होती. तिपाई मागे रुंद आणि पुढे निमुळती. वजन जितकं पुढे सरकवाल तितके तुम्ही निमुळत्या टोकाकडे जाता. पुढचा लोडर लावून उतारावर गवत कापणारे लोक मी पाहिलेत. तो आधी उतरवा.

आकडे मांडल्यावर मला खरं काय ते कळलं. माझा ट्रॅक्टर साधारण ६०० किलोचा. मागच्या चाकांमधलं अंतर, टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत, १०० सेंमी. गुरुत्वमध्याची उंची मी ६० सेंमी धरली. वजनाचा ६० टक्के भाग मागच्या चाकांवर, म्हणजे तिपाईवर गुरुत्वमध्य जिथे येतो तिथली अर्धी रुंदी ५० नाही, त्याच्या ६० टक्के, फक्त ३० सेंमी. ३० भागिले ६० म्हणजे ०.५, आणि ज्या कोनाचा टॅन्जंट ०.५ तो साडेसव्वीस अंशांचा. उभ्या ट्रॅक्टरला तिथपर्यंत टिकाव. (पिन जमिनीपासून वर असते, त्याचा थोडा फायदा मिळतो. तो मी मुद्दाम धरला नाही.) साडेसव्वीस ऐकायला बरे वाटतात. पण १५ अंशांच्या उतारावर वरचं चाक १० सेंमीच्या दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं १० सेंमीच्या खड्ड्यात गेलं, तर आणखी अकरा अंशांहून थोडी जास्तच भर पडते. बेरीज सव्वीसच्या वर. हातात उरतो पाव अंश, तोही ट्रॅक्टर उभा असताना. चालत्या ट्रॅक्टरला धक्का बसतो तो वेगळाच.

म्हणून काहीही बदलायच्या आधी उतार मोजा, डोळ्यांवर जाऊ नका. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, पाणसळ ठेवून पट्टी आडवी करा आणि मोकळ्या टोकाखाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. १८ सेंमी आलं तर १० अंश, २७ आलं तर १५, ३६ आलं तर २०. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या पुस्तिकांत १५ अंशांची मर्यादा पुष्कळदा दिसते. तुमच्या पुस्तिकेत त्याहून कमी असेल तर तीच खरी. मी आठ ठिकाणी मोजलं आणि प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकून तिला रंगीत चिंधी बांधली.

आता चाकं. सगळ्यात जास्त फायदा आणि सगळ्यात कमी सामान लागतं ते इथे. मागच्या बऱ्याच रिमची तबकडी मधोमध नसते, एका अंगाला सरकलेली असते. रिम उलटी लावली की टायर बाहेर येतो. माझ्या ट्रॅक्टरला एका बाजूला १० सेंमी मिळाले, दोन्ही मिळून २०. एक गोम मात्र आहे. चाक जागच्या जागी उलटं केलं तर टायरच्या नक्षीची दिशा फिरते आणि बाण मागे बघायला लागतात. पहिल्या दिवशी मी तेच केलं होतं. डावं चाक उजवीकडे न्यायचं, पण न वळवता, तसंच्या तसं सरकवत, म्हणजे आतली बाजू बाहेर येते आणि नक्षी सरळच राहते. दोन्ही चाकं अशी अदलाबदल करायची. हवेचा व्हॉल्व्ह त्यामुळे आतल्या बाजूला जातो. चाक हाताने फिरवून तो कुठे घासत नाही ना, ते पाहा. नट ज्या निमुळत्या खाचेत बसतात ती रिमच्या दोन्ही बाजूंना नसेल, तर ही युक्ती तुमच्यासाठी नाही. मग पुस्तिकेत मंजूर असलेले स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला मध्ये घालायच्या जाड चकत्या. तेही हबवर घट्ट बसणारे हवेत, नुसत्या बोल्टवर लोंबकळणारे नकोत. चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर ताण जास्त, म्हणून जास्तीत जास्त रुंदीचा आकडा पुस्तिकेत बघूनच ठरवा.

हे काम नुसत्या जॅकवर करू नका. सपाट जागा, पुढच्या चाकांना अडण आणि एक्सलखाली घोडी. डुलत्या एक्सलमुळे ट्रॅक्टर जॅकवरून बाजूला झुकतो, म्हणून पुढच्या एक्सलमध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकून तो जखडायचा. नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. तासभर काम झालं की पुन्हा आवळा. मी प्रत्येक नटावरून रिमवर रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला.

दुसरं, टायरमध्ये पाणी. व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असं चाक फिरवायचं आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत येईस्तोवर भरायचं. टायर साधारण पाऊण भरतो. उरलेल्या जागेत हवा, कारण धक्का झेलायला ती लागतेच. माझ्या टायरमध्ये साठ-साठ लिटर गेलं, म्हणजे १२० किलो. हे वजन टायरवर बसतं, एक्सलच्या बेअरिंगवर नाही. गंमत म्हणजे पाण्याने एकाच वेळी दोन गोष्टी होतात. वजन खाली येतं आणि मागेही सरकतं, म्हणजे तिपाईच्या रुंद टोकाकडे. नुसती चाकं रुंद करून माझा टिकाव ३१ अंशांवर गेला. नुसत्या पाण्यानेही जवळपास तेवढाच झाला असता. दोन्ही मिळून साडेपस्तीस. शिवाय रुंद चाकांमुळे तोच दगड-खड्डा आता अकराऐवजी साडेनऊ अंशच कलवतो. पाणी गोठतं अशा ठिकाणी त्यात न गोठणारं द्रव्य मिसळावं लागतं. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी जड असतं, पण रिम खातं. ट्यूब नसेल तर मी तरी त्याच्या वाटेला जाणार नाही. आणि गाडी जड झाली की उतरताना थांबायला वेळ लागतो, हेही आलंच.

हवेच्या दाबाकडे लोक बघतच नाहीत. खालच्या बाजूचा टायर मऊ असेल तर तो दबतो, बाजूला मुरडतो आणि दोन अंश फुकट जातात. दोन्ही मागच्या टायरमध्ये दाब सारखा ठेवा, कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला.

मागे तीन सांध्यांवर जोडलेलं कटर असेल तर बाजूच्या साखळ्या ताणून घट्ट करा. सैल असतील तर ऐन वेळी कटर खालच्या बाजूला झुलतं आणि ट्रॅक्टरला सोबत ओढतं. वळतानासुद्धा ते लागेल तेवढंच उचला. पोटाखालचं कटर यात बरं, वजन मुळातच खाली असतं. फक्त चाकं रुंद केल्यावर ती न कापलेलं गवत तुडवतात आणि तुडवलेलं गवत कापलं जात नाही. पट्टे थोडे एकमेकांवर चढवून घ्या.

चालवण्याचं थोडक्यात सांगते. जमेल तिथे वर-खाली कापा, आडवं नको. चढ तीव्र असेल तर रिव्हर्समध्ये वर जा आणि पुढच्या गियरने खाली या. पुढे तोंड करून चढताना क्लच झटकन सोडला तर नाक उचलून ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंद पुरतो. उतरताना सुरुवातीलाच खालचा गियर टाका. अर्ध्यात क्लच दाबायचा नाही. चारही चाकांना जोर असेल तर उतरताना तो जोडून ठेवा, कारण ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात आणि उतारावर नेमकं तिथलंच वजन हलकं होतं. डावं-उजवं ब्रेक पेडल वेगळं असेल तर दोन्ही खिळीने जोडा. आडवं जावंच लागलं आणि चाक उचललं, तर स्टिअरिंग उताराकडे. चढाकडे वळवलं तर वळणाचा झोकही तुम्हाला खालीच फेकतो. ओल्या गवतावर मी जात नाही. घसरत गेलेलं चाक दगडाला अडलं की तिथेच उलथापालथ होते.

रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारा सांगाडा, आणि सीटबेल्ट ही जोडी आहे. रोलबार उभा असेल तर बेल्ट लावायचाच. दुमडलेला असेल किंवा नसेलच तर बेल्ट लावायचा नाही, आणि अशा ट्रॅक्टरने उतारावर जायचं नाही. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरना हा सांगाडा सक्तीचा केला. माझा मी फांद्यांना अडकतो म्हणून दुमडून ठेवला होता. खुंटाच्या दिवशीही दुमडलेलाच होता. आता फांद्या छाटल्या आहेत.

दादाने सगळं मोजमाप पाहिलं आणि विचारलं, "मग आता वीस अंशांवर चालेल की?"

नाही. वाढलेला टिकाव मला न दिसलेल्या खुंटांसाठी हवा आहे. चिंध्या बांधलेल्या आठ खुंट्यांपैकी सात ठिकाणी ट्रॅक्टर जातो. आठवी ओढ्याच्या कडेची, तिथे पट्टीखाली ३१ सेंमी भरले, सतरा अंश. तो तुकडा मी पायी, ब्रशकटरने कापते. पाऊण तास लागतो.