ईव्ही चिपच्या कारखान्यात लागायचंय? आधी भरतीचा क्रम समजून घ्या

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चिपचा कारखाना वाढणार, हजारो नोकऱ्या निघणार, अशी बातमी आली की नागपूरची पोरं लगेच व्हीएलएसआयच्या क्लासची फी भरून येतात. थांबा. व्हीएलएसआय म्हणजे चिपची रचना. ते काम बंगळूर-हैदराबादसारख्या शहरांतल्या ऑफिसांत चालतं. कारखान्याला मशीन चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस हवा असतो.

बातमीतला आकडाही नीट वाचा. बांधकामावरचे मजूर, कंत्राटी माणसं, वाहतूक हे सगळं त्यात धरलेलं असू शकतं. आणि भरती एकदम होत नाही. आधी सिव्हिल, मग क्लीनरूम (धूळ येऊ न देणारी खोली), गॅसलाइन, चिलर (थंड पाणी पुरवणारं यंत्र), त्यानंतर मशीनं बसतात. ऑपरेटर घेतात ते उत्पादन चढायला लागल्यावर. डिप्लोमा-आयटीआयवाल्यांनी मशीनं बसतानाच आत शिरावं. मशीन उघडं असताना जे दिसतं ते नंतर कोणी उघडून दाखवत नाही. उद्घाटनाची वाट पाहत बसलात तर हीच संधी हुकते.

घाबरू नका, शिकायचं ते आवाक्यातलं आहे. ईव्हीच्या पॉवर मॉड्यूलमध्ये, म्हणजे मोटरला जाणारी वीज हाताळणाऱ्या चिपांच्या डबीत, 300-400 मायक्रॉनची (0.3-0.4 मिमी) ॲल्युमिनियमची तार अल्ट्रासोनिक कंपनांनी चिपवर बसवतात, मग नमुन्यादाखल काही तारा ओढून तोडतात. तार वाकणीपाशी तुटली तर सांध्याने धरलं होतं, ताकद किती भरली ते बघायचं. बुडापासून उचकटली तर सांध्याने धरलंच नव्हतं: पृष्ठभागावर मळ, नाहीतर सेटिंग चुकलेलं. मुलाखतीत एवढा फरक सांगता आला तरी समोरचा सरसावून बसतो.

चिपची बरीच मशीनं आतली हवा उपसून, म्हणजे व्हॅक्यूममध्ये चालतात. हे व्हॅक्यूम मात्र हातानेच शिका. दाब उतरत नसला की नवखा पंपावर खापर फोडतो. आधी ओ-रिंग (जोड हवाबंद करणारं रबरी कडं) काढून उजेडात फिरवून बघा. त्याखाली अडकलेला एक केसही गळतीला पुरतो. ती बसते ती खाच धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा, तरी गळती राहिली तर हेलियम लीक डिटेक्टर (हेलियम वायूने गळती शोधणारं यंत्र) लावा. बुटीबोरी, हिंगण्यात व्हॅक्यूम पंप असलेल्या कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळाली तर स्टायपेंड कमी म्हणून सोडू नका. मेंटेनन्सचा जुना फोरमन हा कुठल्याही क्लासपेक्षा मोठा गुरू.

‘लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला मात्र एक रुपयाही देऊ नका.

चिपचे कारखाने उभे राहताहेत त्या गुजरातेतल्या साणंद, धोलेऱ्याला जायची तयारी ठेवा. ऑफर आली की लेखी विचारा: पगार कंपनीचा की कंत्राटदाराचा, शिफ्ट 8 तासांची की 12 ची, आणि राहायची सोय कोणाकडे.